दुहेरी श्रमांचा हिशेब : मुक्तस्रोत प्रकल्पांतील नवागत आणि रायगडचा किनारा

ज्या संगणकप्रणालीची मूळ संहिता, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मजकूर, कोणालाही वाचता यावा, बदलता यावा आणि पुन्हा वाटता यावा अशी मुभा तिच्या परवान्यातच दिलेली असते, तिला मुक्तस्रोत प्रणाली म्हणतात. अशा प्रणालीवर काम करणारी माणसे एका छपराखाली बसत नाहीत, त्यांना सकाळी काम वाटून देणारा आणि संध्याकाळी हिशेब घेणारा वरिष्ठ नसतो, आणि बहुतेकांची एकमेकांशी तोंडओळखही नसते. त्यामुळे एकच दोष दोन गावांत दोन माणसे एकमेकांच्या नकळत दुरुस्त करीत बसली आहेत, ही स्थिती तेथे अपवाद म्हणून उद्भवत नाही. ती या कार्यपद्धतीच्या रचनेतच दडलेली असते. अनुभवी माणसाला तिची सवय झालेली असते आणि ती टाळण्याच्या वाटाही त्याला ठाऊक असतात. फटका बसतो तो नवागताला, कारण त्याची आठ-पंधरा दिवसांची मेहनत ‘हे काम आधीच झाले आहे’ एवढ्या एका ओळीने संपते आणि पुष्कळदा त्याचा उत्साहही तेथेच संपतो.

ही अडचण नीट कळण्यासाठी कामाची रीत थोडी पाहावी लागते. प्रकल्पाची संहिता आणि तिच्या प्रत्येक बदलाचा इतिहास ज्या भांडारात ठेवलेला असतो त्याला रिपॉझिटरी म्हणतात. त्या भांडाराची राखण करणारा आणि बाहेरून आलेला बदल स्वीकारायचा की नाही हे ठरवणारा तो मेंटेनर. दोष किंवा अपेक्षित सुधारणा यांची नोंद म्हणजे इश्यू. आणि ‘हा बदल तयार आहे, तो मूळ संहितेत मिसळून घ्यावा’ अशी रीतसर विनंती म्हणजे पुल रिक्वेस्ट. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली गिट ही साधनप्रणाली लिहिली, तेव्हापासून प्रत्येक सहभागी माणसाला संपूर्ण भांडाराची प्रत आपल्या संगणकावर घेऊन, कोणालाही न विचारता, हवे तितके दिवस काम करता येऊ लागले. हे स्वातंत्र्य मोठे आहे, परंतु त्याची दुसरी बाजू अशी की काम पूर्ण होऊन पुल रिक्वेस्ट दाखल होईपर्यंत ते जगाला दिसतच नाही. दोघांनी एकाच फाइलमधील त्याच ओळी बदलल्या, तर गिट तो संघर्ष पकडून दाखवते. मात्र दोघांनी एकच नवी सोय दोन वेगळ्या फाइलींत स्वतंत्रपणे लिहिली, तर यंत्राच्या दृष्टीने तेथे कोणताही संघर्ष नसतो. कामाची पुनरावृत्ती ओळखणे हे यंत्राचे नव्हे, माणसांचे काम राहते ते यामुळे.

पुनरावृत्तीची सर्वांत दाट गर्दी नवशिक्यांसाठी राखून ठेवलेल्या कामांभोवती होते, ही या व्यवस्थेतील एक विसंगतीच म्हणावी लागेल. गिटहब या संकेतस्थळावर सोप्या कामांना ‘गुड फर्स्ट इश्यू’ अशी चिठ्ठी लावण्याचा प्रघात आहे. चिठ्ठी लागली की शोधयंत्रातून ते काम एकाच वेळी असंख्य इच्छुकांसमोर येते आणि सोपे असल्यामुळेच त्यावर उड्या पडतात. गूगलने २००५ साली सुरू केलेल्या ‘समर ऑफ कोड’ या उपक्रमाचे अर्ज साधारणतः मार्च-एप्रिलच्या सुमारास भरले जातात आणि अर्जापूर्वी प्रकल्पात काही काम केलेले असावे अशी अपेक्षा असते, म्हणून त्याआधीच्या महिन्यांत भारतीय अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची या सोप्या कामांवर अक्षरशः झुंबड उडते. दर ऑक्टोबरात होणाऱ्या ‘हॅक्टोबरफेस्ट’चा अनुभव याहून कडू आहे. ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्यास टी-शर्ट, असे त्याचे आमिष होते; २०२० साली एकच शब्द इकडेतिकडे करणाऱ्या निरर्थक विनंत्यांचा एवढा पूर आला की आयोजकांना चालू महिन्यातच नियम बदलून, ज्या प्रकल्पांनी स्वतःहून होकार दिला असेल तेथीलच काम धरले जाईल, असे जाहीर करावे लागले. त्या विनंत्यांपैकी पुष्कळ भारतातून आल्या होत्या, ही गोष्ट येथील शिक्षणक्षेत्राने फारशी मनावर घेतल्याचे दिसत नाही.

रायगडच्या किनाऱ्यावरील विद्यार्थ्याला हा प्रश्न आणखी एका अंगाने भिडतो. माणगाव तालुक्यातील लोणेरे येथे १९८९ साली स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, पनवेलच्या बाजूला महाविद्यालये आहेत. परंतु मुरूड, म्हसळा किंवा श्रीवर्धन येथे राहून शिकणाऱ्या मुलाला पुण्या-मुंबईतील प्रोग्रामरांच्या प्रत्यक्ष बैठकींना सहज जाता येत नाही, आणि अमुक काम कोण करतो आहे ही माहिती अशा बैठकींतूनच सर्वांत आधी कळते. त्याला जे कळते ते पडद्यावर लिहिलेले असेल तेवढेच. म्हणून लिखित नोंद शोधण्याचे आणि स्वतः लिखित नोंद करण्याचे कौशल्य त्याच्यासाठी शहरी विद्यार्थ्याहून अधिक मोलाचे ठरते.

अशा विद्यार्थ्याला आपल्या दाराशीच सापडणारा मुक्त प्रकल्प म्हणजे २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा जगाचा नकाशा होय. काटेकोरपणे बोलायचे तर तो मुक्त विदेचा, म्हणजे खुल्या माहितीचा प्रकल्प आहे. परंतु त्यासाठी लागणाऱ्या प्रणाली मुक्तस्रोत आहेत आणि काम करण्याची रीतही तीच आहे. रस्ता, विहीर, देऊळ, धक्का, शाळा अशी प्रत्येक गोष्ट कोणीतरी स्वयंसेवक उपग्रहचित्रावरून किंवा प्रत्यक्ष पाहणीतून रेखाटतो. आधीपासून असलेली एखादी वस्तू दोघांनी एकाच वेळी बदलली, तर आवृत्तीच्या क्रमांकावरून सर्व्हर दुसऱ्याला थांबवतो; परंतु दोघांनी तीच इमारत दोन नव्या वस्तू म्हणून काढली, तर सर्व्हर दोन्ही मुकाट्याने स्वीकारतो. रेखाटण्याच्या साधनांत एकावर एक पडलेले बिंदू आणि इमारती हुडकणारे तपासनीस आहेत, पण त्यांचा इशारा वाचायला माणूस थांबला तर त्यांचा उपयोग.

रायगडच्या किनाऱ्यावर या दुहेरीपणाला वाव देणारी कारणे भूगोलातच आहेत. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो आणि भरतीला पाण्याने वेढला जातो. उपग्रहाने चित्र नेमके कोणत्या प्रहरी टिपले यावर तो बेट आहे की किनाऱ्याला जोडलेला, हे ठरते, आणि दोन वेगळ्या वेळांची चित्रे पाहणारी दोन माणसे एकमेकांचे काम चूक समजून पुन्हा करू शकतात. धरमतर, कुंडलिका, राजपुरी आणि सावित्रीच्या खाड्यांत समुद्र कोठे संपतो आणि नदी कोठे सुरू होते, खाजण जमीन कोणती आणि कांदळवन कोणते, हे ठरवताना तोच घोळ होतो. किनारारेषेचा नियम तर विशेष कडक आहे: रेषेच्या दिशेने पाहिले असता जमीन डाव्या हाताला आणि पाणी उजव्या हाताला यावे लागते, म्हणजे कोकणात ती उत्तरेकडून दक्षिणेकडे जावी लागते, आणि ती अखंडही असावी लागते. आधीची रेघ न पाहता एखाद्या नवख्याने रेवदंड्याजवळ दुसरी रेघ ओढली, तर नुसते दुप्पट काम होऊन भागत नाही. तुटलेल्या किंवा परस्परांना छेदणाऱ्या रेषेमुळे नकाशा तयार करणाऱ्या यंत्रणेला जमीन आणि समुद्र वेगळे करणे अवघड होऊन बसते.

गावांच्या नावांचीही तीच गत आहे. बोर्ली मांडला मुरूड तालुक्यात आणि बोर्ली पंचतन श्रीवर्धन तालुक्यात. नागाव अलिबागजवळ आहे तसे उरणमध्येही आहे. मुरूड रायगडात आहे तसे रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यातही आहे. उलट अलिबाग, म्हसळा, श्रीवर्धन ही नावे रोमन लिपीत एकाहून अधिक तऱ्हांनी लिहिली जातात, त्यामुळे एकाच लेखनाने शोध घेणाऱ्याला गाव नकाशावर नाहीच असे वाटते आणि तो ते दुसऱ्यांदा घालून मोकळा होतो. शोध घेताना देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिपी, जुने-नवे लेखन आणि शेजारच्या गावाचे नाव एवढे तरी तपासावे, ही सूचना क्षुल्लक वाटली तरी प्रत्यक्षात निम्मी पुनरावृत्ती तेथेच अडते, असे मानण्यास हरकत नाही. आपत्तीच्या वेळी अशा चुका महागात पडतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडून आले, श्रीवर्धन-मुरूडकडील घरे आणि नारळ-पोफळीच्या बागा उद्ध्वस्त झाल्या, वीज आणि दूरध्वनी दीर्घकाळ बंद राहिले. अशा प्रसंगी मदत नेणाऱ्याला एकाच गावाची दोन ठिकाणे दाखवणारा नकाशा नसल्याहून वाईट.

आपत्तीच्या नकाशांसाठी काम करणाऱ्या ‘ह्यूमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम’ने, २०१० च्या हैती भूकंपानंतरच्या अनुभवातून, यावर एक नेमका उपाय काढला. कामाचा सारा प्रदेश चौकटींत विभागायचा, स्वयंसेवकाने एक चौकट उचलली की ती इतरांसाठी कुलूपबंद व्हायची, ठरावीक वेळात काम पुरे झाले नाही तर कुलूप आपोआप उघडायचे आणि पूर्ण झालेली चौकट दुसऱ्या अनुभवी माणसाने तपासायची, अशी ती रीत आहे. या रीतीचे मर्म कुलपात नसून ते आपोआप उघडण्यात आहे. काम हाती घेतल्याची घोषणा आणि त्या घोषणेची मुदत, या दोन गोष्टी एकत्र आल्याशिवाय कोणतीही वाटणी टिकत नाही, आणि जुन्या मुक्तस्रोत प्रकल्पांनी हे फार पूर्वी ओळखले होते.

१९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या लिनक्स-वितरणात एखादी प्रणाली नव्याने समाविष्ट करू पाहणाऱ्याने आधी ‘मी हिचे पॅकेज करण्याचा मानस ठेवतो’ अशी नोंद दोषांच्याच यादीत करायची असते. तिला आयटीपी म्हणतात. एखाद्याला प्रणाली हवी आहे पण स्वतः करायची नाही, तर त्याची नोंद वेगळ्या अक्षरांनी होते. जुना सांभाळणारा काम सोडतो तेव्हा ते पॅकेज ‘अनाथ’ म्हणून जाहीर होते. आणि दीर्घकाळ हालचाल न झालेला मानस नुसत्या मागणीच्या यादीत उतरवला जातो. ग्नोम या डेस्कटॉप-प्रणालीच्या भाषांतरासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘डॅम्ड लाइज’ नावाच्या व्यवस्थेत तर भाषांतराची फाइल उचलण्यापूर्वी ती आपल्या नावे राखून ठेवण्याची पायरीच आहे. मराठी भाषांतरकारांना तिचे महत्त्व वेगळे सांगायला नको, कारण ज्या काळात शेकडो वाक्यांची अख्खी फाइल उतरवून घेऊन घरी बसून भाषांतर करावे लागे, त्या काळात दोघांनी तीच फाइल घेतली तर एकाचे सारे श्रम वाया जात. पुढे पाँटून, वेबलेट यांसारख्या साधनांत एकेक वाक्य सर्वांसमक्ष भाषांतरित होऊ लागले आणि ही अडचण पुष्कळशी सुटली. रस्ट या भाषेच्या प्रकल्पात इश्यूखाली ठरलेली आज्ञा लिहिली की रस्टबॉट नावाचा यंत्रसेवक ते काम त्या व्यक्तीच्या नावे लावतो आणि तशाच दुसऱ्या आज्ञेने ते सोडूनही देता येते.

नाव लावण्याचा गैरवापरही तितकाच सार्वत्रिक आहे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवावी आणि स्वतः मात्र उपाहारगृहात चहा घेत राहावे, तसे अनेक नवागत पाच-सहा प्रकल्पांत ‘हे काम मला द्यावे’ असे लिहून ठेवतात आणि पुढे महिनोन् महिने तिकडे फिरकत नाहीत. नंतर आलेला सभ्य माणूस रुमाल पाहून उभा राहतो आणि काम कोणाच्याच हातून होत नाही. याला कंटाळून काही प्रकल्पांनी काम नेमून देणेच बंद केले आहे. त्यांचा नियम असा की विचारू नका, चांगला बदल आधी ज्याचा येईल त्याचा घेतला जाईल. या दोन टोकांपैकी प्रकल्प कोणत्या बाजूचा आहे हे त्याच्या ‘काँट्रिब्यूटिंग’ नावाच्या फाइलीत बहुधा लिहिलेले असते, आणि ती न वाचता काम मागणारा नवागत मेंटेनरच्या पहिल्या नजरेतच उतरतो.

काम हाती घेण्यापूर्वीचा शोध कसा असावा, याविषयी अनुभवी मंडळींत फारसा मतभेद नाही. इश्यूची चर्चा शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी, कारण ‘याचे उत्तर दुसरीकडे दिले आहे’ हे वाक्य बहुधा तळाशी असते. तिला जोडलेल्या पुल रिक्वेस्ट पाहाव्यात. आणि केवळ चालू नोंदींत न थांबता बंद झालेल्या नोंदीही चाळाव्यात, कारण दोष दुरुस्त होऊन पुढच्या आवृत्तीत गेलेला असू शकतो किंवा तो बदल नको असा निर्णय काही वर्षांपूर्वीच झालेला असू शकतो. मोझिलाच्या १९९८ पासून चालत आलेल्या बगझिला या नोंदवहीत दोष बंद करताना ‘दुरुस्त’, ‘अवैध’, ‘करणार नाही’, ‘दुसऱ्या नोंदीची पुनरावृत्ती’ असे निकाल लिहिण्याची प्रथा आहे. नवागताने यांतील ‘करणार नाही’ हा निकाल सर्वांत काळजीपूर्वक वाचावा, कारण नाकारलेले काम पुन्हा करणे ही झालेले काम पुन्हा करण्याहून अधिक निष्फळ पुनरावृत्ती आहे. दोष संहितेच्या ताज्या प्रतीत अजून उरला आहे की नाही, हे स्वतः प्रणाली चालवून पाहावे. पुष्कळ जण प्रकाशित आवृत्तीतील दोष पाहून कामाला लागतात आणि मुख्य शाखेत तो केव्हाच नाहीसा झालेला असतो.

यानंतर विचारणा. ‘हे काम मी करू का?’ एवढेच विचारण्यापेक्षा दोष कसा पुन्हा घडवून पाहिला, त्याचे कारण कोठे असावे आणि बदल साधारण कसा करायचा आहे, हे चार ओळींत लिहिले तर ती विचारणाच कामाचा पहिला हप्ता ठरते. पुढे काम दुसऱ्याकडे गेले तरी त्या चार ओळी त्याच्या उपयोगी पडतात. कोणाचे नाव आधीच लागलेले असेल आणि हालचाल नसेल, तर त्या व्यक्तीलाच नम्रपणे विचारून काही दिवस थांबावे; मेंटेनर बहुधा युरोप-अमेरिकेत आणि आपल्या फावल्या वेळात काम करीत असतो, त्यामुळे श्रीवर्धनहून सकाळी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले तरी तो उशीर समजू नये. होकार मिळाला की अर्धवट अवस्थेतच पुल रिक्वेस्ट ‘मसुदा’ म्हणून खुली करावी. गिटहबने २०१९ पासून ही सोय दिलेली आहे. आपले अर्धे काम लोकांना दाखवण्याचा संकोच हाच येथील खरा अडसर असतो, आणि पुनरावृत्ती टाळण्याचे याहून सोपे साधन आजवर निघालेले नाही.

येथपर्यंतच्या विवेचनावरून दुहेरी काम म्हणजे निव्वळ नासाडी असा समज झाला, तर तो दुरुस्त करणारा पुरावा याच किनाऱ्यावर उभा आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित मोजणी होत असे. सप्टेंबर १८५९ मधील प्रचंड सौर वादळाची नोंद तेथील निरीक्षकांनी घेतलेली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेची ट्राम येणार हे निश्चित झाले, तेव्हा तिच्या प्रवाहामुळे नाजूक उपकरणांच्या नोंदी बिघडणार हे ओळखून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय वेधांसाठी अलिबागची निवड केली. १९०४ साली तेथे लोखंड टाळून आणि चुंबकत्व नसलेला दगड निवडून इमारती उभारण्यात आल्या. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की अलिबागची उपकरणे चालू होताच कुलाब्याची बंद करण्यात आली नाहीत. १९०४ ते १९०६ अशी सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी तीच मोजणी समांतर चालली, जेणेकरून दोन स्थळांच्या नोंदींमधील फरक नेमका कळावा आणि जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता यावी. या जाणूनबुजून केलेल्या दुहेरी कामामुळेच कुलाबा-अलिबागची नोंद जगातील अतिशय दीर्घ अशा सलग चुंबकीय नोंदींत गणली जाते. आज ही वेधशाळा पनवेल येथे मुख्यालय असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत आहे.

मूस यांच्या दोन वर्षांना नासाडी म्हणता येत नाही, कारण तेथे दोन्ही बाजूंना एकमेकांचे काम ठाऊक होते आणि दोनदा करण्याचे कारण आधीच ठरलेले होते. मुक्तस्रोताच्या इतिहासातही याच कसोटीवर उतरणारी उदाहरणे आहेत. केडीई हा डेस्कटॉप १९९६ पासून तयार होत असताना १९९७ साली ग्नोमची सुरुवात झाली ती अज्ञानातून नव्हे, तर केडीईचा आधार असलेल्या क्यूटी या संचाचा परवाना त्या वेळी पुरेसा मुक्त नव्हता म्हणून. जीसीसी या संकलकाचा विकास संथ झाल्याचे पाहून १९९७ साली काही जणांनी ईजीसीएस नावाने वेगळी चूल मांडली आणि १९९९ साली तीच अधिकृत जीसीसी म्हणून स्वीकारली गेली. दुसऱ्याने नोंदवलेला दोष आपल्या संगणकावर घडवून पाहणे, दुसऱ्याचा बदल स्वतंत्रपणे तपासणे, हीसुद्धा दुहेरीच कामे आहेत. नवागताने सुरुवात यांपासून केली तर त्यास पुनरावृत्तीचे भय उरत नाही आणि मेंटेनरांना नेमकी याच मदतीची चणचण असते.

मग येथील नवागत ही वाट का धरत नाही, याचे उत्तर त्याच्या महाविद्यालयात शोधावे लागेल. अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षात ग्रंथालय व्यवस्थापन, रुग्णालय व्यवस्थापन, विद्यार्थ्यांची हजेरी असे तेच ते प्रकल्प दर वर्षी राज्यभर नव्याने लिहिले जातात, मागील तुकडीचे काम कोणी उघडूनही पाहत नाही, परीक्षेपर्यंत आपले काम दुसऱ्या गटापासून झाकून ठेवले जाते आणि गुण मिळतात ते ‘नवे’ काही दाखवल्याचे. चार वर्षे या शिस्तीत वाढलेला विद्यार्थी खुल्या प्रकल्पात येऊन आधी शोधणार नाही आणि आपले अर्धे काम दाखवणार नाही, यात नवल नाही. दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. लोणेरे येथील विद्यापीठाशी संलग्न असलेल्या आणि इतरही महाविद्यालयांतील प्राध्यापकांनी अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी एखाद्या चालू मुक्तस्रोत प्रणालीतील स्वीकारलेला बदल, तपासून पक्की केलेली दोषनोंद किंवा आपल्या तालुक्याच्या नकाशातील पडताळलेली चौकट ग्राह्य धरावी, आणि अहवालाच्या पहिल्या प्रकरणात ‘हे काम आधी कोणी, कोठे आणि कितपत केले आहे’ याचा लेखी शोध सक्तीचा करून त्याला गुण ठेवावेत. यासाठी नवा अभ्यासक्रम किंवा नवा निधी लागत नाही. येत्या शैक्षणिक वर्षापासून एखाद्या विभागप्रमुखालाही हे सुरू करता येईल.